गंगापूर जलाशयावरील छोट्या शिडाच्या होडीसाठी कमी खर्चाचे वायुमापन : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४ : उद्दिष्ट आणि मर्यादा

नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीवर बांधलेल्या गंगापूर धरणाच्या जलाशयात, आवश्यक ती परवानगी घेऊन, आमचा छोटा गट काही वर्षांपासून शिडाची होडी चालवतो. होडी प्लायवूडची आणि साडेतीन मीटर लांबीची आहे. तिची डोलकाठी पाण्यापासून सुमारे साडेचार मीटर उंच असून तिला एक मोठे आणि पुढे एक छोटे शीड आहे. वारा किती आहे हे आतापर्यंत आम्ही अंदाजाने ठरवत आलो. आता गटात शाळकरी मुले येऊ लागली आहेत आणि ‘आज पाण्यात उतरायचे की नाही’ हा निर्णय कोणा एकाच्या अंदाजावर सोडणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी मोजमाप हवे, आणि ते मोजमाप विश्वासार्ह आहे याचा पुरावाही हवा.

मोठ्या नौकांसाठी मिळणारी वायुमापन यंत्रणा आमच्या आवाक्याबाहेरची आहे. शिवाय ती बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि डोलकाठीच्या टोकावर तिचे वजन इतके पडते की आमची होडी सहज कलंडेल. म्हणून तीन अटी ठरवल्या : एकूण खर्च पाच हजार रुपयांच्या आत राहावा, डोलकाठीच्या टोकावरील वजन दीडशे ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि शिशाची बॅटरी होडीवर नसावी. तिसऱ्या अटीबाबत मी आग्रही आहे, कारण या जलाशयाचे पाणी नाशिक शहर पिते.

या नोंदींत वेग बहुतेक ठिकाणी नॉटमध्ये दिला आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, किंवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर.

१७ नोव्हेंबर : धागे आणि पाण्यावरचे पट्टे

इलेक्ट्रॉनिक्सकडे वळण्यापूर्वी फुकटच्या साधनांची नीट परीक्षा घ्यायची असे ठरले होते. त्यांतले पहिले साधन धागा. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या किंचित वर, वीतभर लांबीचे धागे बांधले. लोकरीचा धागा भिजला की तारेला चिकटून बसतो. जुन्या ऑडिओ कॅसेटमधली फीत मात्र पाणी धरत नाही आणि अगदी मंद झुळुकीतही आडवी होते. ती उन्हाने ठिसूळ होते, पण एका कॅसेटमध्ये आयुष्यभर पुरेल इतकी फीत असते.

छोट्या शिडाच्या पुढच्या कडेपासून एक फूट मागे, दोन्ही अंगांना एकेक धागा चिकटवला. वाऱ्याकडच्या अंगाचा धागा फडफडू लागला तर होडी वाऱ्याच्या फार तोंडावर गेली आहे किंवा शीड सैल आहे असे समजावे. पलीकडच्या अंगाचा फडफडला तर शीड गरजेपेक्षा जास्त ओढलेले असते. सुकाणू धरणाऱ्याला लागणारी माहिती इतकीच असते आणि ती या दोन धाग्यांइतक्या तत्परतेने कोणतेही यंत्र देणार नाही. त्यामुळे पुढे कोणतेही यंत्र बसवले तरी धागे काढायचे नाहीत, हे आजच नोंदवून ठेवतो.

किनाऱ्यावर जाळे सुकवत बसलेल्या एका काकांशी बोलणे झाले. त्यांनी बोट दाखवले तिकडे पाण्यावर एक गडद पट्टा आमच्या दिशेने सरकत होता. “वारा पाण्यावर चालत येतो साहेब. काळा पट्टा दिसला का दोरी हातात घ्यायची. तो होडीला लागल्यावर घ्याल, तर उशीर झालेला असतो,” असे ते म्हणाले. त्यामागचे कारण सरळ आहे. झुळुकीने पाण्यावर बारीक लहरी उठतात, त्या आकाशाचा उजेड आपल्याकडे कमी परावर्तित करतात आणि तेवढा भाग काळसर दिसतो. डोलकाठीवरचे यंत्र होडीला लागलेला वारा मोजते, तर हा पट्टा पुढच्या अर्ध्या मिनिटात लागणारा वारा दाखवतो. मुलांना प्रथम हे शिकवायला हवे.

२४ नोव्हेंबर : बोफर्ट मापनश्रेणी आपल्या पाण्यावर कशी वापरावी

फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी मांडली ती आजही वापरात आहे. तिच्यात क्रमांक ३ म्हणजे ७ ते १० नॉट, क्रमांक ४ म्हणजे ११ ते १६ आणि क्रमांक ५ म्हणजे १७ ते २१ नॉट. अडचण अशी की समुद्रावरील खुणा मोकळ्या समुद्रातल्या लाटांवर आधारलेल्या आहेत. लाट वाढायला वाऱ्याला लांबवर मोकळे पाणी लागते. आमच्या जलाशयात ते अंतर जेमतेम काही किलोमीटर आहे, आणि वारा आडवा असेल तर त्याहूनही कमी. त्यामुळे लाटांवरून अंदाज केला तर वारा असतो त्यापेक्षा कमी वाटतो, आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते.

म्हणून आम्ही जमिनीवरील खुणा वापरणार आहोत : पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील व हलका झेंडा पसरत असेल तर क्रमांक ३, धूळ व कागद उडू लागले तर ४, पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली तर ५. किनाऱ्यावर बांबूला एक वातपिशवीही, म्हणजे वाऱ्याने फुगणारी कापडी नळी, लावली आहे. अमेरिकी विमानतळांच्या मानकानुसार अशी पिशवी १५ नॉट वाऱ्यात पूर्ण ताठ होते. घरी शिवलेल्या पिशवीचे कापड आणि आकार वेगळा असल्याने तो आकडा तिला लागू होत नाही. आमची पिशवी कितीला ताठ होते हे यंत्र तयार झाल्यावर ताडून पाहू.

१ डिसेंबर : टेबल टेनिसचा चेंडू

दोऱ्याला टांगलेला चेंडू वाऱ्याने किती अंशांनी कलतो यावरून वेग काढता येतो, आणि या पद्धतीचा मोठा गुण हा की तिचे गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातात राहते. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, वजन २.७ ग्रॅम आणि गोलाचा रोधगुणांक (हवा त्याला किती अडवते हे सांगणारा आकडा) सुमारे ०.४७ असतो. उरली हवेची घनता. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानात ती दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम धरतात. परंतु नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि दुपारी हवा तापलेली असते, त्यामुळे इथे १.१ धरणे अधिक योग्य ठरते.

हे आकडे मांडले की चेंडू ५ अंश कलला तर वेग साधारण ५ नॉट, १५ अंशांना ९, ३० अंशांना १३, ४५ अंशांना साडेसतरा आणि ६० अंशांना २३ नॉट येतो. बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मंद वाऱ्यात चेंडू जवळपास हलत नाही, पण ८ ते १८ नॉटच्या पट्ट्यात, म्हणजे आमचा निर्णय ज्या पट्ट्यात अडकलेला असतो तिथे, खुणा एकमेकींपासून चांगल्या लांब पडतात. कंपासपेटीतला कोनमापक, फूटभर दोरा आणि एक चेंडू एवढ्या साहित्यात हे साधन तयार झाले.

होडीवर मात्र ते चालत नाही. कोनमापक होडीबरोबर कलतो, आणि फूटभर दोऱ्याच्या लंबकाचा आंदोलनकाल सुमारे १.१ सेकंद असल्याने होडीच्या हेलकाव्यांनी चेंडू स्वतःच झोके घेऊ लागतो. त्याची जागा किनाऱ्यावर आहे, आणि तिथे तो पुढच्या प्रत्येक यंत्राला तपासणारा स्वतंत्र साक्षीदार म्हणून राहील.

हवेच्या घनतेचा मुद्दा अधिक व्यापक आहे. वाऱ्याच्या दाबावरून वेग काढणारी सर्व साधने समुद्रसपाटीच्या घनतेवर आखलेली असतील, तर नाशिकच्या उन्हाळी दुपारी ती सुमारे पाच-सहा टक्के कमी वेग दाखवतील. वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांच्या वेगमापकावर हा परिणाम जवळपास होत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंची बळे एकाच घनतेने कमी-जास्त होतात.

१५ डिसेंबर : पिटो नळी बाद

समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी, विमानात असते तशी पिटो नळी बनवणे सोपे आहे आणि ड्रोनसाठीचे दाबसंवेदक बाजारात मिळतात, म्हणून गटातील काहींचा ओढा इकडे होता. कागदावरचे गणित मात्र विरोधात जाते. सेकंदाला ४ मीटर, म्हणजे सुमारे ८ नॉट वाऱ्याचा गतिज दाब इथे ८.८ पास्कल भरतो. पाण्याच्या नळीत तो एक मिलिमीटरसुद्धा नाही. ड्रोनचे सर्वसाधारण संवेदक दोन हजार पास्कलपर्यंत मोजतात, म्हणजे एवढा वारा त्यांच्या पल्ल्याच्या अर्ध्या टक्क्यातच संपतो. तापमान थोडे बदलले की शून्य त्याहून जास्त सरकते. शिवाय नळीत पाण्याचा एक थेंब शिरला की वाचन थांबते. हा मार्ग बंद.

२९ डिसेंबर : वाट्यांचा वेगमापक

आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचा वेगमापक बनवला. वाटीच्या पोकळ बाजूला वाऱ्याचा रोध फुगीर बाजूपेक्षा तिपटीहून अधिक असतो, म्हणून वारा कोणत्याही दिशेने आला तरी चक्र एकाच दिशेने फिरते. वारा वाट्यांच्या नेमका तिप्पट वेगाने वाहतो असा रॉबिन्सन यांचा समज होता. प्रत्यक्षात हा गुणक वाटीच्या आणि दांडीच्या मापांनुसार बदलतो, म्हणूनच प्रत्येक घरगुती वेगमापक स्वतंत्रपणे ताडून पाहावा लागतो. पुढे १९२६ मध्ये कॅनडाच्या पॅटरसन यांनी तीन वाट्यांची रचना अधिक चांगली असल्याचे दाखवले, आणि आम्हीही तीनच वाट्या घेतल्या.

इथे नाशिकचा एक फायदा झाला. केवडा आणि भुरी या रोगांचा अंदाज घेण्यासाठी इथल्या अनेक द्राक्षबागांत तापमान, आर्द्रता आणि पानांवरील ओलावा मोजणारी हवामान केंद्रे उभी आहेत आणि त्यांवर वाऱ्याचे संवेदकही असतात. गिरणारे भागातील आमच्या एका बागायतदार मित्राने आपल्या केंद्रावरून बदललेला जुना संच आम्हाला दिला. या प्रकारच्या स्वस्त संचात रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की बंद होणारा स्विच, असतो आणि दर सेकंदाला एक टिचकी म्हणजे ताशी २.४ किलोमीटर असा त्याचा हिशेब असतो. संच चांगला आहे, पण डोलकाठीच्या टोकासाठी जड आहे. तो किनाऱ्यावरच्या खांबावर लावायचे ठरले.

होडीसाठी हलका वेगमापक घरी बनवला. टेबल टेनिसचे चेंडू शिवणीवर कापून अर्ध्या वाट्या केल्या, पतंगाच्या कामट्या दांड्या म्हणून वापरल्या आणि अरल्डाइटने जोडल्या. आसापासून वाटीच्या मध्यापर्यंतचे अंतर ६ सेंटिमीटर ठेवले. स्केटिंगच्या चाकात असते ते बेअरिंग घेतले, पण त्यातले घट्ट ग्रीस मंद वाऱ्यात चक्राला अडवून धरते. ते रॉकेलने धुऊन काढले आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. धुण्यापूर्वी फुंकर मारल्यावर चक्र दोन-तीन फेऱ्यांत थांबत होते; धुतल्यावर तीच फुंकर त्याला बराच वेळ फिरवते आणि थांबताना ते शेवटी किंचित मागे येऊन स्थिर होते. मागे येण्याचे कारण एक वाटी इतरांपेक्षा जड असणे. हलक्या वाट्यांना आतून नेलपॉलिशचे थेंब लावून तोल साधला.

फेऱ्या मोजण्यासाठी बाजारात सहज मिळणारा ए-३१४४ हा हॉल संवेदक (चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप) घेण्याचा विचार होता, परंतु त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि वाचने घेणारे आमचे ईएसपी-३२ हे छोटे संगणक-बोर्ड ३.३ व्होल्टवर चालते. रीड स्विचला वीज जवळपास लागतच नाही, म्हणून तोच ठेवला. त्याचे पाते बंद होताना थरथरते आणि एका फेरीच्या अनेक टिचक्या मोजल्या जातात; एकदा टिचकी आली की पुढचे दहा मिलिसेकंद दुर्लक्ष करावे, अशी ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. सेकंदाभरातल्या टिचक्या मोजण्याऐवजी दोन टिचक्यांमधला वेळ मोजण्याची पद्धत स्वीकारली, कारण मंद वाऱ्यात सेकंदाला एक-दोनच फेऱ्या होतात आणि पूर्णांकात मोजले तर वेग पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतो.

१४ जानेवारी २०२५ : संक्रांत

आज येवल्यात आणि शहरभर पतंग होते. किनाऱ्यावर झाडांची पाने स्तब्ध असताना वर पतंग दोरी ताणून उभे होते, ही उंचीनुसार वारा कसा वाढतो याची चांगली प्रचिती होती. ढोबळ नियम असा की वेग उंचीच्या सातव्या मुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यानुसार पाण्यापासून दीड मीटरवर मोजलेला वारा डोलकाठीच्या टोकाला सुमारे १७ टक्के जास्त भरतो, आणि हवामान खात्यांची प्रमाण उंची जी १० मीटर आहे, तिथे सुमारे ३१ टक्के जास्त. सकाळच्या स्थिर हवेत हा फरक आणखी वाढतो. म्हणजे मोबाइलवरच्या अंदाजात दिसणारा आकडा आणि होडीवरचा आकडा जुळला नाही, तर त्यावरून यंत्र चुकीचे आहे असे ठरत नाही. यापुढे प्रत्येक वाचनाबरोबर मापनाची उंची लिहायची.

२६ जानेवारी : मोटारीवर ताडून पाहणे

प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच, असे मी मानतो. ठरावीक वेगाचा वारा निर्माण करणारा पवनबोगदा आपल्याकडे नाही. पण हवा स्थिर असेल तर रस्त्यावरून जाणारी मोटार हाच आपला पवनबोगदा होतो. पहाटे उजाडताच गिरणाऱ्याच्या पुढे एका सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर गेलो. टपावरच्या कॅरिअरला पीव्हीसी पाइप बांधून दोन्ही वेगमापक टपाच्या पुढच्या कडेवर, टपापासून मीटरभर उंच ठेवले, कारण टपालगत हवा दबून वेगाने वाहते आणि तिथले वाचन फसवे असते. वेग मोटारीच्या काट्यावरून घेतला नाही. तो काटा बहुधा थोडा जास्तच दाखवतो. तो जीपीएसवरून घेतला.

मित्र गाडी चालवत होता आणि गटातले निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक मागे बसून नोंद घेत होते. “तीसवर स्थिर ठेव, मी सांगेपर्यंत पाय हलवू नकोस,” असे ते प्रत्येक वेगाला बजावत. “सर, पुढे म्हशी आहेत,” असे मित्राने सांगितल्यावर ती फेरी सोडून पुन्हा सुरुवातीपासून घेतली. प्रत्येक वेगाला रस्त्याच्या दोन्ही दिशांनी फेरी मारून सरासरी काढली, म्हणजे जो काही थोडा वारा होता तो एका दिशेला अधिक आणि दुसरीला उणे होऊन निघून गेला.

घरगुती चक्राच्या फेऱ्या ताशी २० किलोमीटरला सेकंदाला ४.८, ३० ला ७.४ आणि ४० ला १० आल्या. तिन्ही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर बसतात. तिचे सूत्र असे : मीटर प्रति सेकंदातला वेग = ०.४५ + १.०७ × दर सेकंदाच्या फेऱ्या. सुरुवातीचा ०.४५ हा बेअरिंगच्या घर्षणाचा वाटा आहे. बागेतून आलेला संच आपल्या छापील हिशेबाने ताशी ४० ला ३८ दाखवत होता. काही वर्षे उन्हापावसात राहिलेल्या संचासाठी ही घट अपेक्षितच होती, आणि आता ती माहीत असल्यामुळे दुरुस्तही करता येते. पन्नास रुपयांच्या चेंडूंतून बनलेले चक्र ताडून पाहिलेले असेल, तर न ताडलेल्या महागड्या यंत्रापेक्षा मी त्यावर अधिक विश्वास ठेवीन.

९ फेब्रुवारी : वातकुक्कुट

बागेच्या संचातील वातकुक्कुटात, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या भागात, आठ रीड स्विच आणि आठ वेगवेगळे विद्युत रोधक (रेझिस्टर) असतात. चुंबक कधी एक, कधी शेजारचे दोन स्विच बंद करतो आणि त्यातून सोळा दिशा मिळतात, म्हणजे एकेक घर साडेबावीस अंशांचे. औषध फवारणीसाठी एवढी अचूकता पुरते, पण होडी वाऱ्याच्या तोंडावर चालवताना पाच अंशांचा फरकही निर्णायक असतो.

म्हणून एएस-५६०० हा चुंबकीय कोनसंवेदक घेतला. तो पूर्ण वर्तुळाचे ४०९६ भाग करतो आणि आसाला स्पर्श न करता कोन वाचतो, त्यामुळे घर्षण वाढत नाही. त्याला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती लागते. नेहमीची, वर-खाली ध्रुव असलेली चकती लावली तर कोन मिळत नाही. चकती आणि चिप यांच्यात एक-दोन मिलिमीटर अंतर ठेवले आणि आस पितळेचा केला, कारण लोखंड जवळ असले की चुंबकीय क्षेत्र वाकते.

शेपटीसाठी जुनी एक्स-रे फिल्म वापरली आणि पुढच्या टोकाला पितळी नट अडकवले. या नटांचे काम मी जमिनीवर वापरताना कधी इतक्या गांभीर्याने घेतले नसते. होडी वीस अंश कलते तेव्हा वातकुक्कुटाचा आसही कलतो, आणि शेपूट जड असेल तर ती वाऱ्याला न जुमानता उताराकडे घसरते. तपासणी अशी केली : खोलीत, वारा नसताना, आस पूर्ण आडवा धरला आणि दर्शक ज्या कोनात सोडू त्याच कोनात थांबेपर्यंत नट पुढेमागे सरकवले.

दिशेची सरासरी साध्या बेरजेने काढता येत नाही. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे नेमकी उलटी दिशा. प्रत्येक वाचनाचे साइन आणि कोसाइन वेगळे मिळवून त्यांवरून कोन काढायचा, हे प्रोग्रॅममध्ये केले.

२३ फेब्रुवारी : ध्वनिलहरींचा पर्याय

हलते भाग नसलेला ध्वनिलहरींचा वेगमापक मनात होता. वीस सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर दोन संवेदक ठेवले आणि वारा सेकंदाला १ मीटर असला, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या ध्वनीच्या वेळेत फरक पडतो सुमारे ३.३ मायक्रोसेकंद. अंतर मोजण्याच्या स्वस्त संवेदकांची लहर ४० किलोहर्ट्झची, म्हणजे तिचे एक आंदोलनच २५ मायक्रोसेकंदांचे. एका आंदोलनाचा सातवा-आठवा भाग अचूक ओळखणारे सर्किट हा स्वतंत्र प्रकल्प आहे. तो पुढे कधीतरी हाती घेऊ.

१६ मार्च : होडीवर बसवल्यानंतर

डोलकाठीच्या टोकापासून पुढे आणि वर काढलेल्या हलक्या नळीवर दोन्ही संवेदक बसवले. शिडाजवळ वारा वळतो, म्हणून शिडापासून जितके दूर जाता येईल तितके जावे लागते. टोकावरचे वजन १२० ग्रॅमच्या आत राहिले. बोर्ड आणि १८६५० जातीचा एक लिथियम सेल खाली, झाकणाच्या डब्यात आहेत.

पहिली गोष्ट दिसली ती हेलकाव्यांची. होडी दोन सेकंदांत एक हेलकावा घेऊन दोन्ही बाजूंना दहा अंश कलत असेल, तर साडेचार मीटर उंचीवरचे टोक स्वतःच सेकंदाला अडीच मीटरच्या कमाल वेगाने इकडून तिकडे जाते. म्हणजे जवळजवळ पाच नॉटचा वारा निव्वळ हेलकाव्यातून निर्माण होतो. यावर उपाय सरासरीचा. क्षणाक्षणाचे वाचन दाखवणे बंद केले आणि पाच सेकंदांची सरासरी दाखवू लागलो.

दुसरा मुद्दा भासमान वाऱ्याचा. चालत्या होडीवर मोजला जातो तो खरा वारा आणि होडीचा वेग यांचा संयुक्त परिणाम. भासमान वारा १० नॉट, त्याचा नाळेशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) कोन ४० अंश आणि होडीचा वेग साडेतीन नॉट असेल, तर त्रिकोण सोडवल्यावर खरा वारा ७.७ नॉट आणि त्याचा कोन ५७ अंश निघतो. होडीचा वेग मोबाइलच्या जीपीएसवरून घेतो; जलाशयात प्रवाह नगण्य असल्याने तो इथे चालतो, नदीत किंवा खाडीत चालणार नाही.

मुलांसाठी याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. ८ नॉटच्या वाऱ्याबरोबर साडेतीन नॉटने जाताना अंगाला फक्त साडेचार नॉट लागतो आणि सगळे निवांत वाटते. तीच होडी त्याच वेगाने वळवून वाऱ्याच्या तोंडावर घेतली की भासमान वारा दहाच्या वर जातो. वाऱ्यात काहीही बदललेले नसते. वळण्यापूर्वी खऱ्या वाऱ्याचा आकडा पाहावा, हा नियम त्यातून आला.

१३ एप्रिल : दुपारचे वारे

उन्हाळ्यात सकाळी जलाशय शांत असतो आणि दुपारी जमीन तापली की पश्चिमेकडून वारा उतरतो. त्या बाजूला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची रांग असल्याने तो सलग येत नाही, झोतांनी येतो, आणि झोताबरोबर दिशाही सरकते. आजच्या नोंदीत दहा मिनिटांची सरासरी ९ नॉट असताना तीन सेकंदांचा सर्वांत मोठा झोत १५ नॉटचा होता. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत सरासरी दहा मिनिटांची आणि झोत तीन सेकंदांचा धरतात; तेच मापदंड घेतल्यामुळे आमच्या नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडता येतील. होडी सरासरीने उलटत नाही, झोताने उलटते, म्हणून दोन्ही आकडे शेजारी लिहायचे.

कमी पाण्यात होडी मुद्दाम उलटवूनही पाहिली. डब्यात पाणी शिरले नाही. वाट्या चिखलातून वर आल्या, एक कामटी तुटली होती आणि ती किनाऱ्यावरच बदलता आली. महागडा भाग मोडला असता तर हंगाम तिथेच थांबला असता.

वाचनासाठी मोबाइलचा पडदा चालत्या होडीवर सोयीचा नाही, कारण नजर पाण्यावरून हटते. त्याऐवजी एक बझर लावला आहे. पाच सेकंदांची सरासरी १२ नॉटच्या वर गेली की तो वाजतो. संपूर्ण नोंद एनएमईए ०१८३ या नौकांवरील उपकरणांच्या प्रचलित वाक्यरचनेत वाय-फायवरून किनाऱ्यावरच्या मोबाइलकडे जाते, त्यामुळे नौकानयनाची मोफत अ‍ॅप्स ती थेट वाचू शकतात.

१८ मे : नियम आणि उरलेली कामे

वळवाचे दिवस सुरू झाले आहेत. ढगाखालून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते तेव्हा वारा काही मिनिटांत शांततेपासून वादळापर्यंत जातो. त्यापूर्वीची दहा मिनिटांची सरासरी त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून गटाने दोन स्वतंत्र नियम केले. किनाऱ्यावरच्या खांबावर सरासरी १० नॉट किंवा झोत १५ नॉट झाला की मुलांच्या होड्या पाण्याबाहेर घ्यायच्या. आणि गडगडाट ऐकू आला किंवा पश्चिमेला काळा ढग उभा राहिला की आकडा काहीही असो, सर्वांनी बाहेर यायचे. वातपिशवी १३ नॉटच्या आसपास ताठ होते असे आता ताडून झाले आहे. खांबाजवळ कोणी नसेल तेव्हा होडीतूनही ती दिसते.

खर्च साधारण असा झाला : ईएसपी-३२ बोर्ड पाचशे रुपये, कोनसंवेदक आणि चुंबक तीनशे, बेअरिंगे, रीड स्विच, चेंडू व कामट्या मिळून दोनशे, सेल आणि चार्जिंगचे सर्किट चारशे, डबा, वायर, नळ्या आणि अरल्डाइट यांचे सहाशे. मोटारीचे पेट्रोल धरूनही अडीच हजारांच्या आत बसले.

पावसाळ्यात होडी बंद राहील. तेवढ्या काळात दोन्ही वेगमापक गंगापूर रोडवरील एका घराच्या गच्चीवर, एकाच उंचीवर शेजारीशेजारी फिरत राहतील, म्हणजे पावसाने बेअरिंग किती जड होते ते कळेल. पाऊस उघडल्यावर, पाण्यात उतरण्यापूर्वी, ते गिरणाऱ्याच्या त्याच रस्त्यावर, त्याच तीन वेगांना पुन्हा ताडून पाहायचे आहेत. कामट्यांचा आणि वाट्यांचा एक जादा संच तोवर तयार ठेवायचा आहे.